पुण्याला साडेचार, मुंबईला अडीच

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते कुरकुंभच्या नामदेव आप्पांचे. आणि या नामदेव आप्पांचं ठाम मत आहे की थाई जेवणात पुण्यापुढं मुंबईचं काही चालत नाही.

आप्पांनी थाई जेवण कधी खाल्लेलं नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून, एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून ते दोन्ही शहरांतल्या थाई हॉटेलांचे व्हिडिओ बघतात आणि मार्क देतात. पुण्याला पाचपैकी साडेचार. मुंबईला अडीच. ही त्यांची हयातभराची सरासरी आहे.

शेजारचे रघुनाथमामा एकदा म्हणाले, "आप्पा, तोंडात घास न्हाई आन् मार्क कसले देताय?"

"मामा, कंपनीत तीस वर्षं मी केमिकलची क्वालिटी सांगितली. पिऊन बघत हुतो व्हय?"

मामांनी पानाची चंची उघडली.

व्हिडिओ करणाऱ्यांवरही आप्पांची बारीक नजर. "मुंबईचा गडी बोलतो लई, खातो कमी. पुण्याचं पोरगं आधी रेट सांगतंय, मग घास घेतंय. ह्याला म्हंत्यात इमानदारी." मुंबईवाले ताटाचा फोटो वरून काढतात, याचाही त्यांना राग. "वरनं काढला म्हंजी वाटीची खोली कळत न्हाई. लोकांला फसवायचं काम हाय हे." रविवारच्या पेपरात पुण्याच्या एखाद्या थाई हॉटेलावर लेख आला, की ते तो मला फोनवर वाचून दाखवत. त्या सूपमध्ये गवती चहा घालतात हे कळलं, तेव्हा तर ते मोरीमागच्या गवती चहाच्या बेटाकडं नव्या आदरानं बघू लागले.

माझे आईवडील मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणाच्या बाजूला उतरत. मला शिकायचं होतं. वडिलांची आप्पांशी कुरकुंभच्या बाजारातली ओळख, तेवढीच. आप्पा म्हणाले, "पोरगं माझ्याकडं ठिवा. माझा सुनील हाय, त्याच्या जोडीला ऱ्हाईल." चौथीपासून बी. कॉम. होईपर्यंत मी त्या घरात वाढलो. रात्रपाळी करून आले की आप्पा आधी आम्हाला अभ्यासाला उठवत आणि मग स्वतः झोपत. दौंडच्या कॉलेजात माझ्या प्रवेशाच्या रांगेत ते कंपनीच्या निळ्या कपड्यांत उभे होते. आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी. आज शिरूरला बँकेत खुर्चीवर बसतो, ते त्या रांगेमुळं.

सुनील डावखुरा. जेवताना त्यानं डावा हात पुढं केला, की आप्पा डोळे वटारत. त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, मात्र त्याला त्याच हातानं कांदा चिरायला देत, आणि तो असा चिरायचा की बघत राहावं. आप्पांनी त्याच्यासाठी कंपनीत शब्द टाकून ठेवला होता. सुनील म्हणाला, मला स्वयंपाकाचा कोर्स करायचाय.

"आचाऱ्याचा बाप म्हनून मिरवू व्हय लग्नाकार्यात?" आप्पा ओरडले.

सुनील मुंबईला गेला. दोन वर्षांपूर्वी काकू वारल्या, तेव्हा आला. दहाव्यापर्यंत राहिला. बापलेक एकाच सतरंजीवर बसले, पण बोलले नाहीत. आप्पांना एवढंच माहीत होतं, तेही काकूंनी सांगितलेलं, की तो कुठल्यातरी थाई हॉटेलात आहे. सुनीलचा नंबर माझ्याकडं आहे, आप्पांकडंही आहे. पण "त्यानं आधी लावावा," असं आप्पा म्हणत, आणि सुनीलही तेच म्हणे.

शनिवारी बँक सुटली की मी चौफुल्यावरून कुरकुंभला जातो. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा आप्पा ओट्यावर नव्हते. आत चुलीपुढं बसून भाकरी थापत होते, मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवलेला. मुंबईचाच व्हिडिओ. ताटं आली, गेली, आप्पांनी मान वर केली नाही. कॅमेरा स्वयंपाकघरात शिरला तशी त्यांनी पिठाच्या बोटानं व्हिडिओ थांबवला आणि मोबाईल डोळ्यांजवळ नेला. टोप्या, मास्क, वाफ. चेहरा एकाचाही दिसत नव्हता.

"ह्यो बघ जरा, कोपऱ्यातला. सुरी कुठल्या हातात हाय?"

"उजव्या, आप्पा."

"मग न्हाई." त्यांनी व्हिडिओ पुढं सरकवला. तव्यावरची भाकरी करपली होती. ती उलटत म्हणाले, "आता मीच आचारी झालोय बघ. आन् त्यो बी वाईट."

पुण्याचे व्हिडिओ ते एकदाच बघत, मुंबईचे मात्र पुन्हा पुन्हा, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

पुढच्या आठवड्यात बँकेचं ट्रेनिंग मुंबईला आहे, असं मी सांगितलं. आप्पा बराच वेळ परातीतलं पीठ गोळा करत राहिले. मग म्हणाले, "जातोयस तर एखाद्या थाई हॉटेलात जेव. मार्क द्यायचे तर खाल्लेला मानूस पायजे, मामा म्हंतो ते काय खोटं न्हाई. पर मला फोनवर सांगू नगं. लेखी रिपोर्ट पाठव. कंपनीत पाळी बदलताना तोंडी कारभार मी कवा घेतला न्हाई."

कुठल्या हॉटेलात, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मुंबईत उतरल्यावर सुनीलला फोन लावला, आणि तिथून परतल्यावर आप्पांना हे पत्र टाकलं :

ती. आप्पांस सा. नमस्कार.

सांगितल्याप्रमाणे थाई हॉटेलात जेवलो. सूप आंबट-तिखट, नाकातून पाणी काढणारं. वाटी खोल आहे, फोटोवर जाऊ नका. भात आपल्यापेक्षा चिकट. रेट जास्त, पण मला बिल दिलं नाही.

स्वयंपाकघराला काचेची खिडकी आहे. मी तिच्यासमोरच बसलो. सुरी डाव्या हातात होती. हात तुमच्यासारखा जाड झालाय, चटके बरेच आहेत. तब्येत चांगली आहे.

काम संपल्यावर तो मागच्या पायरीवर येऊन बसला. तुम्ही मुंबईला अडीच मार्क देता म्हणून सांगितलं. खूप हसला. तुम्ही भाकरी थापता, हेही सांगितलं. त्यावर मात्र तोंड फिरवून बसला.

केव्हा येणार ते त्यानं सांगितलं नाही, म्हणून मीही लिहीत नाही. मी निघताना त्यानं एवढंच विचारलं, मोरीमागचा गवती चहा अजून आहे का. म्हणाला, इथल्याला तसा वास नाही.

आहे, असं मी सांगितलंय. तेव्हा आप्पा, सध्या चहा साधाच प्या. बेट कापू नका.

तुमचा,
बिरू