फेरफटक्याचा खटला

एका जंगलात, मुलांनो, मंगळवार होता.

मंगळवारी तिथे विशेष काही घडत नसे. उन्हं उतरत आली होती. साळू नावाची एक सायाळ ओढ्यापासून लांब रानकंद उकरत होती. तिचं पिल्लू ओढ्याकाठच्या माळावर, बिळात झोपलं होतं. उठल्याबरोबर त्याला खायला लागे, नाहीतर ते फार चिडायचं.

तेवढ्यात एक खार धापा टाकत आली.

"साळूताई, गवे ओढा ओलांडून आले!"

"कशाला?"

"ते नाही सांगितलं. सरळ माळावरून चालत आले. सगळा कळप."

साळू कंद तोंडात धरूनच पळाली.

माळ सपाट झाला होता. तिचं बीळही सपाट झालं होतं. पिल्लू आतच होतं.

गव्यांचा राजा ओढ्यापलीकडे एका मोठ्या खडकावर बसत असे. त्याने जाहीर केलं, की ही चढाई नव्हे, हा फेरफटका आहे. त्याच्या कळपात जो कोणी 'चढाई' म्हणेल, त्याला मीठ चाटायला बंदी झाली. सगळे फेरफटका म्हणू लागले.

आता हे काही मागासलेलं जंगल नव्हतं. तिथे कायदा होता. फार पूर्वी एक मोठी लढाई झाली होती, तेव्हा सगळे प्राणी मिळून रडले होते. रडता रडता त्यांनी ठरवलं होतं, की कारण नसताना दुसऱ्याच्या रानावर चालून जाणं हा सर्वांत मोठा गुन्हा.

पाणवठ्यावर न्यायालय भरलं. न्यायाधीश होते कासवअण्णा. गव्यांचं वकीलपत्र वानररावांनी घेतलं.

एका पोरगेल्या गव्याला उभं केलं. बिळावरचा ठसा त्याच्या खुराशी जुळला होता.

"बिळावर पाय दिलास?" कासवअण्णांनी विचारलं.

"दिला, अण्णा. पुढचा चालला म्हणून मी चाललो. पुढच्याला राजेसाहेब म्हणाले—"

"पायाचं विचारलंय. पायाचंच सांग."

त्याचं मीठ एका हिवाळ्यापुरतं बंद झालं. टाळ्या वाजल्या. न्याय झाला म्हणून माकडांच्या पोरांनी उड्या मारल्या.

साळू उभी राहिली.

"आता काय, ताई?" कासवअण्णांनी विचारलं.

"त्याने पाय जपून टाकला असता, तर मागच्याचा पडला असता," साळू म्हणाली. "एवढा मोठा कळप. तो ओढ्याच्या अलीकडे आलाच का, हे राजाला विचारा. तेवढंच विचारा."

सभेत चुळबुळ झाली. कासवअण्णांनी मान थोडी आत घेतली.

"ताई, तू सर्वांत मोठ्या गुन्ह्याबद्दल बोलते आहेस."

"हो."

"तो सर्वांत मोठा आहे म्हणूनच त्याचा खटला चालवायला आरोपीची संमती लागते."

"आणि तो नको म्हणाला तर?"

"तर आम्ही निषेध करतो. चांगला कडक करतो."

"शिवाय," वानरराव म्हणाले, "आमचे अशील खडकावर बसले आहेत. खडकावर बसलेल्याला बोलावता येत नाही. उतरले की खुशाल बोलवा."

"कधी उतरतील?"

"बोलावणार नाही असं लिहून द्या. लगेच उतरतील."

सगळे हसले. मग साळूकडे लक्ष गेलं.

लाज वाटून प्राण्यांनी ठरवलं, की या एकाच प्रश्नासाठी नवं, खास न्यायालय बांधायचं. हत्तीने लाकडं द्यायचं कबूल केलं.

"माझा पूर्ण पाठिंबा," हत्ती म्हणाला. "फक्त कायद्यात 'गवा' असं स्पष्ट लिहा. 'जो कोणी' असं मोघम नको."

"का हो, हत्तीदादा?"

"उगाच. मागे मी बांबूच्या बनात शिरलो होतो. तो वेगळा विषय आहे."

"माझं दुसऱ्याच्या रानात जाणं जेवणात मोडतं," वाघ घाईघाईने म्हणाला. त्याला कोणी विचारलंही नव्हतं.

न्यायालय सुंदर झालं. सुगरणींनी पडदे विणले. आरोपीचा पिंजरा मुद्दाम रुंद केला. शिंगं अडकून गैरसोय व्हायला नको. लांबलांबच्या जंगलांतून प्राणी ते पाहायला येऊ लागले. पाहून झालं, की ते आपापल्या राजाकडे निर्धास्त मनाने परतत.

रोज सकाळी रानकोंबडा पायऱ्यांवर उभा राहून आरवतो, "गवेराजे हाजिर हो!"

राजाला ते खडकावर स्वच्छ ऐकू येतं. कोंबड्याचा गळा चांगला आहे असं त्याचं मत आहे. तो आळस देतो आणि फेरफटका कुठवर आला याची चौकशी करतो.

साळू रोज पहिल्या रांगेत बसते. शेजारच्याला टोचू नये म्हणून काटे अंगाशी मिटून घेते. दुपारी कामकाज तहकूब होतं.

"अण्णा, उद्या येऊ?"

"ये की. तुझ्यासाठीच तर बांधलंय."

तात्पर्य : मुलांनो, दुसऱ्याच्या बिळावर कधीही पाय देऊ नका, पकडले जाल. अख्खा माळ तुडवा, आणि तोही दुसऱ्याच्या पायांनी.

राजाला अजून कोणी काही विचारलेलं नाही.