बाईंच्या बदलीचा अंदाज

धाराशिवच्या प्रशिक्षणातून शिवप्रियाबाई एक नवी पद्धत शिकून आल्या. मुलांना गोष्ट सरळ शेवटपर्यंत वाचू द्यायची नाही. मध्येच थांबवायचं आणि विचारायचं, "पुढं काय होईल?" मुलांनीही मनाला येईल ते ठोकून द्यायचं नाही, वाचलेल्यातला पुरावा दाखवायचा. येरमाळ्याच्या अलीकडच्या त्या लहानशा गावातल्या चौथीच्या वर्गाला आधी हे काही झेपेना. गोष्ट सशाची असो की शिंप्याची, पुढं वाघ येऊन त्याला खाणार यावर सगळ्यांचं एकमत.

"शिंप्याच्या दुकानात वाघ कशाला येईल रे?"

"कापडं शिवायला, बाई. आन मग खाईल."

पण बाई चिवट होत्या. नाव बघा, चित्र बघा, कोण काय बोललं ते बघा, असं त्या सांगत राहिल्या, आणि दिवाळीनंतर पोरांना एकदम वाट सापडली. इतकी, की त्यांना पुस्तक पुरेना. एका सकाळी अख्खा वर्ग नाकं पुसून ओळीत बसलेला.

"आज तपासणीला साहेब येनार," एकानं सांगितलं.

"पुरावा?"

"मोठ्या सरांनी दाढी केलीय, आन संडासाचं कुलूप काढलंय."

दुपारी साहेब आले. तेव्हापासून मुख्याध्यापक अण्णाराव सर चौथीच्या वर्गावरून जाताना तोंडाला रुमाल लावून जाऊ लागले.

वर्गात सगळ्यात तल्लख शिवांजली. आई-बाप कामाला पुण्याकडं, ही आजीजवळ, द्वारकाबाईंकडं. एके दिवशी बाईंनी गोष्ट मध्येच थांबवली, तशी ती उभी राहिली.

"बाई, गोष्टीचं न्हाय, दुसरं सांगू? तुमची बदली होनार."

"पुरावा?" सवयीनं बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"कपाटातली तुमची पुस्तकं रोज थोडी थोडी पिशवीतून घरी चाललीत. मधल्या सुट्टीत तुमी फोनवर धाराशिवच्या शाळांची नावं घेताव. आन आधी म्हनायच्या, पाचवीत गेल्यावर आपन हे करू. आता म्हनताव, पाचवीत गेल्यावर तुमी करा."

बाईंनी बदली मागितली होती हे खरंच. घरी लहान मुलगा, रोजची एसटीची ये-जा. कारण लपवण्यासारखं नव्हतं. पण काम होईपर्यंत बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि समोर ही पोरगी टक लावून उभी.

"चूक," बाई म्हणाल्या. "साफ चूक. बस खाली."

वर्ग हसला. शिवांजली बसली.

एवढ्यावर भागलं असतं. पण शिवांजलीनं आदल्या संध्याकाळीच आजीला सांगून ठेवलं होतं. आजीनं बचत गटात सांगितलं आणि गटानं गावात. दुसऱ्या दिवशी सरपंच अमरसिंह माणसं घेऊन शाळेत हजर.

"बाई, तुमी चाललाव म्हनं?"

"छे हो! लेकरांचं काय मनावर घेता?"

"गेलाव तर शाळेला कुलूप घालू आमी. सांगून ठेवतो."

कुलपाचं नाव ऐकून बाई गडबडल्या. "मी कुठंही जात नाही. शब्द देते, झालं?"

झालं म्हणजे फारच झालं. दुसऱ्या गावचे मास्तर पळून जातात, आपल्या बाई मात्र राहिल्या, म्हणून गावानं त्यांचा सत्कार ठरवला. बाई "नको, नको" म्हणाल्या. लोकांना तो विनय वाटला आणि मंडप आणखी मोठा झाला. तिकडे बाईंबद्दल खोटं पसरवलं म्हणून द्वारकाबाईंनी नातीच्या पाठीत धपाटा घातला. पोरं तिला 'भविष्यवाली' म्हणून चिडवू लागली. वर्गात तिचा हात वर येईनासा झाला. बाईंना ते दिसत होतं. उद्या तिला बाजूला घेऊन खरं सांगू, असं त्या रोज ठरवत होत्या, आणि रोज एसटीची वेळ होत होती.

सत्काराला हलगी वाजली. बाईंच्या खांद्यावर शाल पडली. अण्णाराव सर भाषणाचा कागद घेऊन उठले. "आपल्या बाई हे गाव सोडून..." म्हणेपर्यंत त्यांच्या खिशातला मोबाईल वाजला. सरांनी पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. बाईंची बदली झाल्याचा निरोप होता. सर अनुभवी माणूस. वाक्य अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती.

"...चालल्या आहेत," ते म्हणाले, "त्यानिमित्त आपण इथं जमलो आहोत."

सवयीनं टाळ्या पडल्या आणि मध्येच थांबल्या.

"सर, तुमी चुकीचा कागद वाचायलाव जनू," सरपंच म्हणाले.

बाई उठल्या आणि माइकपाशी गेल्या. "कागद बरोबर आहे. शिवांजलीचंही बरोबर होतं. मीच खोटं बोलले."

कुलपाची आठवण कुणी काढली नाही. शेवटी शिजलेलं अन्न वाया कशाला घालवायचं, म्हणून पंगत बसली. जी शाल सत्काराची म्हणून आणली होती, तीच निरोपाची म्हणून चालून गेली.

शिवांजली मंडपामागं ताट धूत होती. बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"तुझा अंदाज चुकला नव्हता गं."

"मला ठावं व्हतं, बाई. तुमी खोटं बोलताव, ते बी त्याच वक्ती कळलं."

"कसं?"

"कुनाचं चुकलं की तुमी पुरावा कुठं कच्चा हाय ते दाखवायच्या. त्या दिशी नुसतंच चूक म्हनल्या."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"सगळ्यांम्होरं तुमाला खोटं कसं पाडायचं?"

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला हात पुढं केला. शिवांजलीनं धुतलेलं ताट पालथं घातलं आणि घरी आलेल्या पाहुण्यासाठी सरकावं तशी, अदबीनं थोडी बाजूला सरकली.