खरवडीच्या चिखलाची बखर

श्रीगणराय, श्रीकुलस्वामिनी, आणि जी जी दैवते मूर्तीने लहान व महिम्याने मोठी असतात त्या सर्वांस साष्टांग दंडवत घालून लिहितो जे, शके एकोणीसशे पस्तीस, विजयनाम संवत्सरे, एके राज्यी जे वर्तमान वर्तले ते पदरचे न घालता यथास्थित कथन केले असे. राज्याचे नाव पुसू नये. फारच आग्रह असेल तर ज्याने त्याने आपल्या घरचे घालावे, चालून जाईल.

ऐसियास, त्या राज्याचे धनी श्रीमंत महाराज थोर पुण्यप्रतापी, परंतु लढाईचा प्रसंग जन्मात आला नाही म्हणोन मनी बहुत खंत वागवीत असत. आणि एके वर्षी वाढदिवसास कोणी परमुलखीच्या व्यापाऱ्याने एक पेटी नजर केली, तीत प्लास्टिकचे बारीक तुकडे चौकटीस लटकलेले, आणि झाकणावर रणगाड्याचे चित्र, आणि सोबतचे कागदी लिहिले जे, तुकडे कापून, घासून, चिकटवून जोडिता खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचा रणगाडा सिद्ध होतो. मग महाराज चिमटा व भिंग घेऊन बैसले ते ताट निवाले तरी उठले नाहीत. आणि काही दिवसांनी चपलेएवढा रणगाडा सिद्ध जाहला, तोफ फिरते, झाकण उघडते, आत बोटाएवढा शिपाई. महाराज तो तळहाती घेऊन बोलिले, "आजवर फौज लांबून पाहिली. आज प्रथम हाती आली." दरबाराने "वाहवा" केली, आणि त्या दिवसापासोन राज्याचा कारभार त्या मेजावरून चालू लागला.

पुढे महाराजांचे ध्यानी आले जे, रणगाडा कोरा करकरीत असेल तर खेळणे दिसते. लढून आलेला दिसावा तर त्यास गंज पाहिजे, धूर पाहिजे, ओरखडे पाहिजेत, आणि मुख्य म्हणजे चाकाच्या पट्ट्यांत चिखल पाहिजे. या विद्येस 'झीज चढविणे' म्हणतात. खऱ्या शिपायास जी झीज मैदानात आपोआप आणि फुकट चढते, ती घरात बसून कोरड्या कुंचल्याने चढविणे, ऐसी ही विद्या आहे, आणि ती सोपी नव्हे. मग दरबारी नवे हुद्दे निर्माण जाहले. एक गंजनवीस, एक ओरखडेनवीस, आणि सर्वांवर चिखलनवीस, त्या जागी विसाजीपंत. हे पंत मोठे रसिक, कधी अनवाणी अंगणात उतरले नाहीत, परंतु चिखलावर बोलू लागले म्हणजे ऐकणाराचे पाय ओले व्हावेत. आणि सरदार मंडळीही रात्रंदिवस चिमटे घेऊन बैसू लागली, तलवारीचे घट्टे गेले, डिंकाचे आले. एका सरदाराच्या रणगाड्यास मागील अंगी एक खिळा कमी भरला, तर तीन दिवस दरबार त्याच चर्चेने गाजला, आणि दोन तट पडले, एक म्हणे खिळा मोजलाच पाहिजे, दुसरा म्हणे दुरून बरे दिसते ना, मग जाहले. दोन्ही तटांनी वेगळाली मंडळे काढिली, दोन्ही मंडळांनी वेगळाले गणपती बसविले. असो.

आता खरे रणगाडे. ते गाडीखान्यात उभे असत. तेथील मिस्त्री तेलाचा बोळा घेऊन एके दिवशी गंज पुसो लागला, तो महाराजांची स्वारी नक्कल उतरून घेण्यास रंगांच्या डब्या घेऊन आली, आणि पाहते तो अर्धा गंज नाहीसा. महाराजांस अनिवार क्रोध आला. बोलिले, "हा रंग कारागिराच्या बापास जमणार नाही, आणि हा गाढव पुसतो!" आणि आज्ञा केली जे, आमची नक्कल पुरी होईपर्यंत गाडीखान्यातील गंजास कोणी हात लावू नये. मग मिस्त्री घरी बैसला, आणि गंज निर्वेध वाढता जाहला, आणि गंजनवीसास त्या सालचा मानाचा शेला मिळाला.

ऐसे चालले असता पूर्वसीमेवर खरवडीची खिंड आहे, तेथील ठाणेदार सुभेदार रखमाजी खैरे, यांचा जासूद हुजूर आला. रखमाजी जुना माणूस, तीस जणांनिशी खिंड धरून होता. जासूद मुजरा करून बोलिला, "महाराज, पल्याडचं राज्य तळ टाकून बसलंय. सुभेदारांनी सांगितलंय, दोन रणगाडे धाडा. खिंडीच्या तोंडाशी नुस्ते हुबे केले तरी गनीम फुडं यायचा न्हाई. न्हाईतर दसऱ्यापत्तुर बी आमचा टिकाव लागत न्हाई." महाराज एकाग्र होऊन ऐकत होते. मग पुसते जाहले, "तिकडची माती कोणत्या रंगाची?" जासूद गडबडला. म्हणाला, "मातीच्याच रंगाची, महाराज." दरबार पोट धरून हसला, आणि विसाजीपंत हळूच बोलिले, "अडाणी आहे. याने छटा पाहिलीच नाही."

परंतु महाराजांचे मनी मोठी मसलत आली. बोलिले, "खिंडीत लढाई होणार. आम्ही ती जिंकणार, यात संशय नाही. जिंकल्यावर मग देखावा करावा, त्यात वर्ष जाईल. त्यापेक्षा देखावा आधीच करून ठेवू." आणि 'खरवडीच्या खिंडीतील विजय' या नावाचा देखावा, गणेशोत्सवात करितात तैसा, परंतु मेजावर मावेल ऐसा, करावयाचे ठरले. दसऱ्यास सीमोल्लंघनाचे वेळी त्यावरील पडदा उचलावा ऐसा मुहूर्त धरिला, आणि जासुदासंगे सुभेदारास हुकूम गेला जे, तेथील माती तीन प्रकारची धाडणे. वाळलेली एक मडके, भिजलेली एक मडके, आणि भिजून वाळून पापुद्रे धरलेली एक मडके. रणगाड्यांविषयी मागाहून कळवू.

हा हुकूम ठाण्यात पोचला तेव्हा रखमाजीस ब्रह्मानंद जाहला. तीसही जणांस गोळा करून म्हणाला, "गड्यांनो, गाड्या येणार! हुजुरांनी माती मागितलीया. चाक रुततंय का न्हाई ते आधी बघत्यात. शानी मान्सं हायेत वर." मग वाळलेली माती आतूनच खरवडून भरिली, पापुद्र्याची बुरुजाखालून मिळाली, परंतु भिजलेली ओढ्याच्या काठी, आणि ओढा गनिमाच्या माऱ्यात. तेथे रखमाजीचा सख्खा भाचा मानाजी, घोटीव अंगाचा, ठाण्यात सर्वांत चपळ, तो म्हणाला, "मामा, मी जातो. गाड्या लौकर आल्या पायजेत." आणि सरपटत गेला, आणि मडके भरिले, आणि परत येऊन भिंतीवरून आत दिले, आणि स्वतः भिंत चढत असता पाठीत गोळी लागून पडला. रखमाजीने त्यास आत ओढिला, परंतु तोवर काही उरले नव्हते. मडके फुटले नाही.

तीन मडकी हुजूर दाखल जाहली. जासुदाने मानाजीची हकिकत सांगितली, तेव्हा महाराजांचे डोळ्यांत पाणी आले, हे खोटे नव्हे, आम्ही समक्ष पाहिले. आणि तात्काळ आज्ञा केली जे, देखाव्यात मानाजीचा बोटाएवढा पुतळा सर्वांच्या पुढे उभा करावा, हाती झेंडा द्यावा, छाती रुंद करावी. जासूद हात जोडून म्हणाला, "आनि ते रणगाडे, महाराज?" तेव्हा महाराज सौम्यपणे बोलिले, "त्यांचा गंज उतरवणे चालू आहे." जासूद बिचारा समाधान पावून परत गेला. गंज उतरवणे म्हणजे नक्कल उतरवणे, हा अर्थ त्यास कोण सांगणार? त्याने ठाण्यात जाऊन सांगितले जे, गंज काढत्यात, आता आल्याच गाड्या.

मग श्रावण गेला, भाद्रपद गेला, आणि देखावा रंगास चढला. मध्ये रणगाडा, त्याच्या पट्ट्यांत खरवडीचा अस्सल चिखल, खाली ओली वाट, पळणारा गनीम, आणि पुढे झेंडा घेतलेला मानाजी. विसाजीपंत सुईच्या अग्राने चिखल बसवीत, आणि महाराज श्वास रोखून पाहात, न जाणो उच्छ्वासाने कण हलावा. ते काम पाहून आमच्याही तोंडून "अहाहा" निघाले. सत्य ते लिहिले पाहिजे, काम फार उत्तम होते.

आणि खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी हत्यारे घासून पुसून पुजावी ऐसा सर्वत्र रिवाज. महाराजांच्या मातोश्री आईसाहेब, वृद्ध, कडक सोवळ्याच्या, त्या पूजेचे तबक घेऊन महाराजांचे दालनी आल्या, कारण शस्त्रागारात विचारिले तर शस्त्रे महाराजांच्या मेजावर आहेत ऐसे कळले. पाहतात तो रणगाडा चिखलाने बरबटलेला. आईसाहेब म्हणाल्या, "अगंबाई, आणि एवढे नोकर काय करतात?" आणि पदर खोचून, रिठ्याचे पाणी करवून, दातांच्या जुन्या ब्रशाने त्यांनी रणगाडा पट्ट्यांच्या कडी-कडीतून घासला, आणि खालची वाटही ओल्या फडक्याने टिपून घेतली, आणि गंधाची पाच बोटे लावून, हळदकुंकू वाहून, तोफेच्या तोंडी झेंडूचे फूल खोविले.

महाराज स्नान करून आले आणि ते पाहून मेजाकडे धावले. "आईसाहेब, काय केलंत हे! तो चिखल होता!"

"चिखल होता म्हणूनच धुतला."

"अहो, मुद्दाम लावला होता!"

"मुद्दाम?" आईसाहेबांनी ब्रश खाली ठेविला. "आणि खऱ्या गाड्या कुठायत? त्यांची पूजा झाली?"

"त्यांना हात लावायची मनाई आहे. त्यांच्यावर गंज आहे."

आईसाहेब म्हणाल्या, "म्हणजे धाकट्याला चिखल फासायचा आणि थोरल्याचा गंज काढायचा नाही. बरं आहे हो बाबा. मी नैवेद्याचं बघते." आणि तबक उचलून निघून गेल्या.

मग राजवाड्यात एकच आकांत जाहला. तिन्ही मडकी तळास गेलेली, दुसरे दिवशी दसरा, पाहुण्यांस निमंत्रणे गेलेली. विसाजीपंतांनी बागेतला चिखल आणिला, तर महाराज म्हणाले, "यास गुलाबाचा वास येतो." मग कॉफी कालवून पाहिली, मुलतानी माती पाहिली, परंतु अस्सलाची सर कशास येते! तेव्हा महाराजांनी जन्मात प्रथमच युद्धपातळीवरील हुकूम दिला जे, उत्तम घोडेस्वार निवडून खरवडीस दौडवावे, आणि वाटेत न थांबता माती आणावी. स्वार तात्काळ सुटले. इतकी त्वरा त्या राज्यात पूर्वी कोणी पाहिली नव्हती.

दसऱ्यास तिसरे प्रहरी दरबार भरला. मंडळी आपट्याची पाने घेऊन "सोने घ्या, सोने घ्या" करीत होती, आणि देखाव्यावर मखमली पडदा, आणि महाराज दरवाजाकडे डोळे लावून. तो स्वार आले. हात रिकामे, खिंडीपर्यंत पोचलेच नव्हते. त्यांच्यामागून सुभेदार रखमाजी खैरे चालत आला, गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यास फडके बांधिलेले, मागे पाच जण. तिसातले इतकेच. मुजरा केला आणि बोलिला, "महाराज, खिंड गेली. काल दिसभर लढलो. गाड्यांची वाट बघत लढलो." मग म्हणाला, "गनीम अल्याड उतारलाय." सीमोल्लंघन दसऱ्यासच जाहले म्हणावयाचे, दिशा तेवढी उलटी पडली.

महाराज सिंहासनावरून उठले. पायऱ्या उतरले. रखमाजीसमोर आले, आणि सर्वांच्या देखत गुडघे टेकून त्याच्या पायांशी बसले. धनी चाकराच्या पायांवर मस्तक ठेवितो ऐसा प्रसंग कोणी पाहिला नव्हता. विसाजीपंतांनी उपरणे डोळ्यांस लाविले. रखमाजी कासावीस होऊन मागे सरू लागला, "नगा महाराज, ऱ्हाऊ द्या, आमचं काय..."

"सुभेदार, हलू नका," महाराज म्हणाले. "पापुद्रा मोडेल."

आणि कमरेची कट्यार काढून त्याच्या पोटरीवरील चिखल जपून खरवडू लागले. "पंत, तबक आणा! अस्सल आहे, भिजलेला खाली आणि वाळलेला वर, दोन्ही एकाच ठिकाणी. सुभेदारांनी दसऱ्याचे सोने आणले!" पंत तबक घेऊन धावले.

रखमाजी हलला नाही. हुकूम मोडणे त्यास ठाऊक नव्हते. वरून महाराजांच्या पाठीकडे पाहात तो हळू म्हणाला, "जपून खरवडा, महाराज. वढ्याकाठची माती हाय ती. रातीच्या अंधारात तितंच मान्याला पुरलाय." महाराज म्हणाले, "हो, हो, जपूनच."

येणेप्रमाणे खरवडीची खिंड गेली, आणि पुढे वर्षभरात बाकीचा मुलूखही कसकसा गेला, तो विस्तार येथे करीत नाही. नवे धनी आले, त्यांनी खरे रणगाडे मोडीत काढिले, रखमाजी गावी जाऊन वारला. देखावा मात्र नव्या धन्यांसही इतका आवडला की तो त्यांनी तसाच काचेत ठेविला आहे, आणि महाराजांस त्याची निगा राखण्याचे कामी नेमिले आहे. दर दसऱ्यास महाराज काच पुसतात, झेंडेवाल्या मानाजीवरील धूळ कुंचल्याने झाडतात, चिखलास हात लावीत नाहीत. खाली पितळी पाटी आहे, ती वाचून बखर पुरी केली. 'खरवडीच्या खिंडीतील विजय. प्रमाण पस्तिसास एक. माती अस्सल.'