बिनतक्रारीचा खांब

माप अचूक असणं हा सुसंस्कृत समाजाचा पाया आहे आणि दुसऱ्याचं माप अचूक आहे की नाही हे पाहणं हा त्याचा छंद. जर्मनीत या छंदाला कायद्याचा दर्जा आहे. विजेच्या गाड्या आल्या, तसे त्यांना चार्ज करणारे खांबही कायद्याखाली आले आणि उंटरलिंगेन गावचे खांब वजनमाप खात्याच्या योआखिम ब्रेनाइसेनच्या हाताखाली आले.

ब्रेनाइसेन सरळ माणूस होता. (खात्यात त्यासाठी वेगळा भत्ता नाही.) वसंतात त्याने बाजारचौकातला खांब पकडला. खांब दहा युनिटांचे पैसे लावून नऊच देत होता. तक्रार होती ग्राहक दक्षता मंडळाच्या अध्यक्षा, निवृत्त मुख्याध्यापिका हेडविग श्टाइगर यांची. त्याने खांबाला सील ठोकलं. मंडळाने सभा भरवली, त्याला केक दिला. श्टाइगरबाई भाषणात म्हणाल्या, "माप म्हणजे माप. तिथे दयामाया नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. वजनमाप खात्यासाठी टाळ्या वाजल्याची जिल्ह्यातली ही पहिलीच नोंद (निरोपसमारंभ वगळून). घरी जाताना ब्रेनाइसेनला आपण थोडे उंच झालोत असं वाटलं. खात्याची मोजपट्टी हाताशी असूनही त्याने ते पडताळून पाहिलं नाही.

उन्हाळ्यात त्याच्या लक्षात आलं की पोहण्याच्या तलावापाशी जो खांब आहे, त्याची एकही तक्रार नाही. गावात प्रत्येक खांबाची तक्रार असते. केबल आखूड आहे, पडद्यावरचा मजकूर उद्धट आहे, खांब शेजाऱ्याच्या दारात आहे आणि आपल्या नाही. याची मात्र शून्य. इतकं समाधान कायदेशीर असणं शक्य नव्हतं. तपासणीचं यंत्र ढकलत तो तिथे गेला.

गाड्यांची रांग वळणापलीकडे गेली होती. तलावात एक म्हातारा आणि दोन बदकं. बाकीचं गाव घडीच्या खुर्च्या टाकून बटाट्याचं सॅलड खात बसलेलं. सगळ्यांत पुढे श्टाइगरबाई, विणकाम घेऊन.

"तुम्ही इकडे कसे, ब्रेनाइसेनसाहेब?"

"तपासणी."

"पण तक्रार कुणी केली?"

"कुणीच नाही. म्हणून तर आलो."

यंत्राने निकाल दिला. खांब दहा युनिटं लावून बारा देत होता.

"चूक आहे," ब्रेनाइसेन म्हणाला.

"असेल. पण कुणाच्या बाजूने आहे तेही बघा की," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या.

"कायद्यात बाजूचा रकाना नाही, बाई. आणि तुम्हीच म्हणाला होतात, माप म्हणजे माप."

"अहो, ते भाषण होतं."

तेवढ्यात चौथ्या गाडीची काच खाली झाली. आत त्याची बायको इर्मगार्ड होती.

"तू?" तो म्हणाला. "तू तर रोज पोहायला येतेस ना?"

"पोहतेच की, रांग सरकेपर्यंत. हे बघ, सील लावायचंच असेल तर माझा नंबर होऊ दे. एवढं तरी कर माझ्यासाठी."

ब्रेनाइसेनने रांगेकडे पाहिलं. सगळ्या गावाने चमचे खाली ठेवले होते. मग त्याने सगळ्यांकडे पाठ केली आणि सील लावलं. नोकरीतलं ते त्याचं पहिलं तिरकं सील.

मग गावाने आपलं माप चोख केलं. बेकरीत त्याला पाव मोजून मिळू लागले. आधी एक वर पडायचा. इर्मगार्ड त्याच्याशी बोलायची, पण कामापुरतं. दक्षता मंडळाने ठराव केला की वजनमाप खात्यापासून ग्राहकांना तातडीने संरक्षण मिळावं. आणि चौकातल्या खांबामुळे त्याच्यावर खवळलेल्या चार्जिंग कंपनीने त्याच्या ग्राहकनिष्ठेबद्दल त्याला फुलं पाठवली. त्याने ती परत केली. ठेवून घेतली असती, तरी गावाचं त्याच्याबद्दलचं मत आणखी बिघडायला जागा नव्हती.

जिल्ह्यात असा आणखी एक खांब आहे म्हणे. खात्याकडे त्याची अर्थातच तक्रार नाही. तो नेमका कुठे आहे हे विचारणारे फोन मात्र दिवसभर येतात. सगळे सभ्य, सुशिक्षित आणि अचूकतेचे कट्टर समर्थक. खात्याची त्यांना नम्र विनंती आहे की चौकशी करू नये. ती विनंती आपल्यालाही लागू आहे, कारण हा शेवटचा परिच्छेद आपण बाकीच्या मजकुरापेक्षा जास्त लक्ष देऊन वाचलात.