दोन टकरा राहिल्या

उर्वीचे वडील रामदासराव माटुंग्याहून निघाले होते, आणि परळच्या त्या घरात अनिशचा जीव टांगणीला लागला होता. अनिश आणि उर्वीचं लग्न त्यांच्या मनात नाहीच, असं उर्वीनेच कळवलं होतं. निदान आजोबांचा आशीर्वाद तरी घ्यावा म्हणून तो वाकला. "असू दे रे, असू दे," म्हणत अण्णा खुर्चीतून पुढे झुकले, आणि दोघांची डोकी धाडकन आपटली.

अण्णांनी डोळे उघडले, तर समोर खुर्चीत अण्णाच बसलेले! आणि आपण खाली, गुडघ्यांवर. चक्क गुडघ्यांवर, आणि दुखत काहीच नव्हतं हो!

"अण्णा, मी तुमच्यात आलोय!" खुर्चीतला अनिश किंचाळला.

"एकदाच आपटलं ना डोकं?" सरोजिनीआजी स्वयंपाकघरातून ओरडल्या. "पुन्हा आपटा, नाहीतर शिंगं येतील!"

"शिंगं परवडली गं आजी! अण्णा, चला, आपटा पटकन."

"थांब रे जरा." अण्णांनी डब्यातली चकली उचलली आणि कडाडकन चावली. देवा रे, काय दात दिलेस पोराला! त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात बेल वाजली.

रामदासराव आले, बसले. चकली पुढे केली तर म्हणाले, "नको, कवळी आहे." मग थेट अनिशकडे, म्हणजे अण्णांकडे वळले. "राग मानू नकोस, पण सारख्या नोकऱ्या बदलणाऱ्याला मुलगी कशी देऊ? माझं मन होत नाही रे."

खुर्चीतून एक हुंदका आला. नातवाचं आयुष्य आता अण्णांच्या तोंडी होतं! ते रामदासरावांच्या पाया पडायला उठले. कंबर अशी लवली, अशी लवली, की त्या सुखात त्यांचं भानच हरपलं. "अरे, असू दे, असू दे," म्हणत रामदासराव पुढे झुकले.

धाडकन!

अण्णांच्या नाकावर चष्मा आला, तोंडात परकी कवळी. समोर अनिशचा देह स्वतःचे हात उलटसुलट करून बघत होता.

"मी अण्णा," ते हळूच म्हणाले. "घाबरू नका, आज या घरात हेच चाललंय." आणि रामदासरावांच्याच खणखणीत आवाजात जाहीर केलं, "मुलगा पसंत आहे!"

"अहो! हे मी नाही बोललो!"

"मग बोला की. होकार द्या, लगेच डोकं देतो."

रामदासराव उकिडवे बसले. उठले. पुन्हा बसले. मग हात आपसूक डब्याकडे गेला. कडाड! त्यांचे डोळे भरून आले.

"अरे आपटा ना लवकर!" अनिश कळवळला. "हे गुडघे जीव घेतायत माझा!"

"दिली मुलगी," रामदासराव भरल्या तोंडाने म्हणाले. "तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त धरू. पण अण्णा, एवढी एक चकली संपू द्या की हो."

अण्णांनी डबा त्यांच्याकडे सरकवला.