हळद उतरायलाच लावतात

कंपनीनं बद्रीनाथला अठरा वर्षं वापरून घेतलं आणि 'स्वेच्छानिवृत्ती' दिली. स्वेच्छा कुणाची, ते विचारायची सोय नव्हती. तेव्हापासून तो बजाजनगरातल्या दोन खोल्यांत रेझिनची तबकं ओतत होता. पातळ रेझिनात हार्डनर मिसळायचं, साच्यात ओतायचं. सकाळी पाण्याची काच झालेली असायची. त्या काचेकडं तो तास तास बघत बसे. वाटे, एखादा दिवसच असा ओतून थांबवता आला तर?

विकतचे रंग महाग. म्हणून त्यानं कपड्यांची नीळ घातली. तबक आठ दिवस चिकट राहिलं आणि गल्लीतल्या माश्या त्यावर मुक्कामाला आल्या. मग चहापूड घातली. ते थेट गल्लीतलं गटार दिसलं.

अशात खालच्या मजल्यावरच्या कमरुन्निसाआपा रुमालात वाळलेल्या चमेलीच्या कळ्या घेऊन आल्या. त्यांची लेक राहत लग्न होऊन नांदेडला गेली होती. मांझ्याला, म्हणजे हळदीला, तिनं माळलेल्या या कळ्या.

"बद्रीभाई, यांचं तबक करा. रंग पिवळाच पाहिजे, मांझे के जोड़े जैसा. और संभाल के हां, फूल इतनेच हैं."

पहिलं गिऱ्हाईक! बद्रीनाथनं स्वयंपाकघरातली हळद कालवली. रेझिन सोन्यासारखं झळकलं. त्याला त्यात अख्खा मांडव दिसला, पिवळी ओढणी दिसली, हसणारी राहत दिसली. त्याच तंद्रीत त्यानं हार्डनर घातलं, ढवळलं आणि कळ्यांवर ओतलं.

भानावर आला तेव्हा तबक लालभडक झालं होतं.

"सरू! आगं, हे काय झालं?"

त्याच्या बायकोनं, सरूबाईनं, वाकून बघितलं. "हळदीत चुना पडला की कुंकू व्हतं. शेंबड्या पोरीला ठावं हाय! तुमचं ते हार्डनर चुन्याचंच भावंड दिसतंय. अठरा वर्षं कंपनीत काय शिकलात?"

"सही करायला," बद्रीनाथ म्हणाला.

कळ्या आत कायमच्या अडकल्या होत्या. त्यानं तबक गच्चीवर टाकीमागं लपवलं. आपा जिन्यात भेटल्या की म्हणायचा, "अजून ओलं हाय." त्यांचा चेहरा पडला की तो दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळे. सरूबाई गच्चीवर पापड वाळवी आणि जाता-येता तबक उन्हाकडं वळवी.

विसाव्या दिवशी आपाच गच्चीवर चढल्या.

"आपा, माझं चुकलं..." बद्रीनाथ तबक काढता काढता थबकला. लाल रंग उडाला होता. विरळ, कोवळा पिवळा तेवढा उरला होता, आणि त्यात कळ्या आत्ताच माळल्यासारख्या.

"लुगड्यावरचा हळदीचा डाग उन्हातच जातो," सरूबाई पापड उलथत म्हणाली. "मला इचारलं कुणी?"

आपांनी तबक छातीशी धरलं. "खिडकीत ठेवते. दिवसभर ऊन येतं तिथं."

"नको आपा!" बद्रीनाथ ओरडला. "उन्हात उरलासुरला रंगही जाईल!"

आपा हसल्या. "जाने दो ना, भाई. हळद उतरायलाच लावतात. उतरली की मगच पोरगी दिसते."