भानुदासरावांचा ठेचा

आमच्या कचेरीत रेकॉर्डचं एक जुनं कपाट होतं. वरच्या कप्प्यांत निजामाच्या काळातल्या उर्दू फायली आणि सगळ्यांत खाली, फडक्यात गुंडाळलेला, एक लोखंडी खलबत्ता. हा खलबत्ता सरकारी नव्हता. भानुदासरावांचा होता.

जेवणाची सुट्टी झाली की भानुदासराव समोरच्या चहाच्या टपरीवर जायचे, तिथल्या स्टोव्हवर हिरव्या मिरच्या काळे डाग पडेपर्यंत भाजून घ्यायचे आणि परत येऊन जमिनीवर मांडी घालून कुटायला बसायचे. मिरच्या, लसूण, जाड मीठ, मूठभर शेंगदाणे. पहिला ठण् आवाज झाला की आम्ही पदर आणि रुमाल नाकाला लावायचो. शेजारच्या खोलीतले लोक खिडक्या उघडायचे. भानुदासराव मात्र खलात नाक घालून लांब श्वास घ्यायचे आणि डोळे मिटायचे. अत्तराच्या दुकानात एखादा शौकीन घेतो ना, तसा.

पोलीस ॲक्शन होऊन तेव्हा वीस-बावीस वर्षं झाली होती. गावाला सगळे औरंगाबादच म्हणत. मी टायपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. पहिल्याच दिवशी भानुदासराव भाकरीच्या तुकड्यावर ठेचा घेऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"घ्या बाई. लाजू नका."

मी घेतला. कानात शिट्टी वाजली. मग बराच वेळ मला टाइपरायटरवरची अक्षरंच दिसेनात. मी पाणी मागितलं नाही, तेवढ्यावर त्यांनी कचेरीत जाहीर करून टाकलं, "बाईंना जिगर हाय!" पाणी न मागायचं कारण जिगर नव्हतं. माझ्या तोंडून आवाजच फुटत नव्हता.

भानुदासराव मूळचे देवगाव रंगारीचे. घरची शेती भाऊ बघायचा, हे इथं हेडक्लार्क. उंच, काटक, पांढरा सदरा, काळी टोपी. जगातल्या सगळ्या गोष्टींची त्यांनी दोनच भागांत वाटणी केली होती. जान असलेल्या आणि जान नसलेल्या. चहा पातळ निघाला, "जान नाय." कुणी रजेचा अर्ज लिहून दाखवला तर तो पूर्ण वाचून, "व्याकरण बराबर हाय, पर अर्जात जान नाय." आमचे दुसरे क्लार्क हमीदभाई यांनी एकदा मोठ्या कौतुकानं घरून मटणाच्या रश्श्याचा नान खलिया आणला. भानुदासराव मांसाहारी, चवीनं जेवले, बोटं चाटली आणि म्हणाले, "रंग लई झकास. जान तेवढी कमी पडली."

"अरे मियाँ," हमीदभाई म्हणाले, "तुमकू सालन नक्को, अंगार होना!"

शहागंजात भानुदासरावांबरोबर बाजाराला जाणं म्हणजे शिक्षाच. वाळकी मिरची ते कानाशी धरून हलवायचे, आतलं बी कसं वाजतं ते ऐकायला. हिरवी मिरची मोडून वास घ्यायचे, टोक चावायचे. भाजीवालीला विचारायचे, "मावशी, ही मिरची हाय का भेंडी?" ती शिव्या देत अस्सल माल पोत्याखालून काढायची. एका लग्नात पंगतीला आमटीत गूळ निघाला, तर त्यांनी वाढप्याला थांबवून इतक्या गंभीरपणे विचारलं, "आचारी बरा हाय ना? घरी काय दुःख वगैरे?" की तो बिचारा खरंच आत जाऊन बघून आला.

असं सगळं छान चाललं होतं. मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचा घसा नाजूक. पहिल्याच दुपारी त्यांना असा ठसका लागला की शिपायानं पाठ चोळली. संध्याकाळी त्यांनी भानुदासरावांना बोलावलं.

"कचेरीत कुटणं बंद. घरून करून आणा."

"घरी जमत नाय, साहेब."

"का?"

भानुदासरावांनी टोपी सारखी केली. साहेब म्हणाले, "मग खाऊ नका."

दुसऱ्या दिवसापासून कपाट उघडलं नाही. भानुदासराव डब्यातली भाकरी आणि पिवळं वरण मान खाली घालून खाऊ लागले. चहा कसाही आला तरी प्यायचे. मी मुद्दाम एक रटाळ अर्ज लिहून दाखवला, तर म्हणाले, "ठीक हाय."

"कायकू मुँह उतार के बैठे?" हमीदभाईंनी विचारलं. "घर में बनवा लेव ना भाभी से."

"घरी नाय." एवढंच.

आम्ही आपापल्या परीनं अंदाज बांधले. बायको कडक असणार. हमीदभाईंना तर खात्रीच होती. एवढा अंगार खाणारा माणूस ज्या बाईला घाबरतो, ती बाई कशी असेल, अशी आमची चर्चा चालायची.

एका रविवारी मी आणि माझे यजमान सायकलवरून दौलताबादला निघालो होतो. पडेगावात सायकल पंक्चर झाली. यजमान दुकानात बसले, आणि मला आठवलं की भानुदासराव इथंच कुठंतरी राहतात. विचारत विचारत गेले.

दार त्यांनीच उघडलं. कमरेला पंचा, हातात पळी. मला बघून ते एवढे दचकले, की आत या म्हणायलाही विसरले. आतूनच आवाज आला, "कोण हाय? येऊ द्या की!"

खिडकीशी बाजेवर वहिनी बसल्या होत्या. बारीक चण, पाठीशी उशांचा ढीग. चार शब्द बोलल्या की थांबून श्वास घ्यायच्या. कडक वगैरे काही नाही. उलट माझा हात हातात घेऊन त्यांनी मला शेजारी बसवलं. जुना दमा होता. घर चकचकीत झाडलेलं, धुळीचा कण नाही. स्वयंपाक भानुदासरावच करत होते. मऊ खिचडी आणि दुधी, फोडणी न दिलेला.

"जरा धूर झाला की माझा जीव वर जातो," वहिनी म्हणाल्या. "लग्न झाल्यावर एकदा मी यांच्यासाठी मिरच्या भाजल्या अन् तिथंच पडले. तवापासून यांनी घरात मिरची आणली नाय. मी म्हणते, तुम्ही वेगळं काहीतरी तिखट खात जा. तर म्हणतात, आता आवडतच नाय, पोटाला सोसत नाय."

पळी पातेल्यात थांबली.

"हापिसात काय खातात हो हे?"

भानुदासरावांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांसमोरही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

"साधंच," मी म्हणाले. "आमच्यासारखंच."

पळी पुन्हा हलली. मलाही ताट वाढलं गेलं आणि माझ्या खिचडीवर तुपाची चांगली मोठी धार पडली. ते बायकोच्या ताटाशेजारी आपलं ताट घेऊन बसले आणि तीच पांढरी खिचडी तिच्याइतक्याच सावकाश, तिचा श्वास सांभाळत जेवले. त्यांनी मध्येच तिच्या उशा नीट केल्या. ती काहीतरी बोलली, ते हसले.

जेवण झाल्यावर पंक्चरचं कुठवर आलं ते बघायला भानुदासराव बाहेर गेले. वहिनी भिंतीला धरत मला पोचवायला दारापर्यंत आल्या.

"खोटं बोलायची सवय नाय तुम्हाला," त्या म्हणाल्या.

मी गोंधळले.

"बाकी कामं व्हत नायत माझ्यानं. पर यांचे कपडे मीच धुते. खिशात मिरचीचं बी सापडतं, देठ सापडतात. धुताना ठसका लागतो थोडा. बरं वाटतं. कुठं तरी मनासारखं जेवतात म्हणायचं." त्या थांबल्या, श्वास घेतला. "आताशा खिशात कायबी सापडत नाय. हापिसात काय झालं का हो?"

मी साहेबांचा हुकूम सांगितला. त्यांनी मान हलवली. मग माझं मनगट धरलं.

"काय तरी करा, बाई. पर मला ठाऊक हाय हे त्यांना सांगू नका. कळलं तर उरलंसुरलंबी सोडतील."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

सोमवारी मी हमीदभाईंना एवढंच सांगितलं की वहिनींना दमा आहे, घरात मिरची चालत नाही. हमीदभाई बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग उठले, कपाटातला खलबत्ता काढला आणि बगलेत मारून थेट साहेबांसमोर गेले. काय बोलले ते माहीत नाही. बाहेर आले ते आवाराच्या टोकाला, कडुलिंबाखाली गेले, आणि खलबत्ता तिथल्या दगडावर ठेवून मोठ्यानं ओरडले, "भानुदासराव! साहब बोले, झाड के नीचे दफ्तर नहीं है!"

भानुदासराव खुर्चीतून उठले. टपरीवर गेले, मिरच्या घेऊन आले. त्या दुपारी आम्ही सगळ्यांनी डबे लिंबाखाली नेले. ते कुटत होते, वारा वास उलट्या दिशेला नेत होता आणि हमीदभाई उगाचच खोकत होते.

डबे धुताना भानुदासराव माझ्याजवळ आले. इकडंतिकडं पाहिलं.

"बाई, घरी काय बोलू नका बरं का. तिला लई वाईट वाटंल."

"नाही सांगणार," मी म्हणाले.